पाऊण इंच जादा

बावीस वर्षं मी रोज एकशे शहाण्णव पायऱ्या चढले आणि पडले कुठे, तर पोस्टाच्या सपाट फरशीवर! तेही साहेबांच्या टेबलासमोर, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, हातात सह्यांचं रजिस्टर घेऊन. उजवा गुडघा असा आपटला की वाटीचे दोन तुकडे. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "बाई, सांभाळून." आता पडल्यावर काय सांभाळायचं, कपाळ? पण कळ अशी होती की मला हे बोलताही आलं नाही, आणि मला बोलता आलं नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे सगळ्या ऑफिसला कळलं.

मी पोस्टमन. बाई असले तरी पोस्टमनच म्हणतात, मीही तेच म्हणते, दुसरा शब्द शोधत बसले तर पत्रं वाटायची कधी? माझं बीट म्हणजे टेकडीवरची वस्ती. तिथे गाडी जात नाही, सायकल जात नाही, शहाणा माणूस जात नाही. दगडाच्या उंच उंच पायऱ्या, जेमतेम एक माणूस मावेल इतक्या अरुंद, आणि दोन्ही अंगांना घरं. नोकरीला लागले तेव्हा ते बीट कुणीच घेईना म्हणून माझ्या गळ्यात मारलं. पहिला महिना मी रोज घरी येऊन रडले. दुसऱ्या महिन्यात रडायचं राहून गेलं. कुणाच्या दारात दोन मिनिटं थांबायचं, कुणाच्या फटीतून पत्र सरकवून पळायचं, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, हे सगळं मला पाठ झालं. आता ते बीट माझ्याकडून कुणी काढून घेतो म्हणाला तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन.

आणि नेमकं तेच व्हायची वेळ आली होती. खात्याचा नियम असा की आजारी माणसाचं बीट सहा महिने राखून ठेवायचं. सहा महिन्यांच्या आत तंदुरुस्तीचा फॉर्म भरून आणला तर बीट आपलं. नाहीतर ते दुसऱ्याला, आणि आपण कायमचं खिडकीवर. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून तिकिटं फाडून द्यायची आणि "सुट्टे आहेत का" म्हणून विचारायचं. मला कुणी तुरुंगात टाकलं तर मी एकवेळ गप्प बसेन, खिडकीवर नाही बसणार.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं आणि आतून जो पाय निघाला तो माझा नव्हताच. डावीकडे माझी ओळखीची भरलेली मांडी आणि उजवीकडे ही काठी! मी हाडवैद्यांना म्हटलं, "डॉक्टर, हा कुणाचा आहे? ज्याचा असेल त्याला परत द्या." ते हसले आणि त्यांनी मला व्यायामाच्या डॉक्टरणीकडे धाडलं.

ती जेमतेम पंचवीस-सव्वीसची, वेणी घट्ट, बूट पांढरेशुभ्र, आणि मला पहिल्याच दिवशी "काकू" म्हणाली. मी तिचं नाव "अजूनदहा" ठेवलं, कारण तिला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. पाय सरळ करून उचला. दहा झाले? अजून दहा. खुर्चीवरून उठा, बसा, उठा. झाले? अजून दहा. घाम असा यायचा की गादीवर माझा नकाशा उमटायचा. मी तिला मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की त्या पत्रावर लिहिल्या असत्या तर जादा तिकीट लावावं लागलं असतं.

पण एक सांगते, शिकवायची छान. तिच्या खोलीत प्लॅस्टिकचा एक अख्खा पाय टांगलेला होता, खुब्यापासून बोटांपर्यंत. तो हातात घेऊन ती सांगायची, "हे मांडीचं हाड, शरीरातलं सगळ्यात लांब. ही वाटी. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू या वाटीला धरून खाली नडगीला ओढतो, विहिरीच्या कप्पीवरून दोर जातो ना, तसा. तुम्ही पायरी चढता तेव्हा हाच स्नायू तुमचं सगळं वजन वर उचलतो. आणि ही पोटरी. ती मागून ढकलते. शिवाय पायात उतरलेलं रक्त पिळून परत वर पाठवते." एकेका पावलात सव्वीस हाडं असतात म्हणे. सव्वीस! आणि मी आजवर त्या सगळ्यांना मिळून नुसतं "मेलं पाऊल दुखतंय" म्हणत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी कोमट पाण्यात पाय बुडवून बसले आणि त्यांची माफी मागितली.

दर शुक्रवारी ती टेप काढायची. दोन्ही मांड्यांचा घेर मोजायची आणि फरक लिहायची. पहिल्या आठवड्यात पाच सेंटिमीटर. मग चार. मग तीन. मला हुरूप आला. मी दहाच्या जागी तीस करायला लागले, अंडी खायला लागले, भांडी घासतानासुद्धा एका पायावर उभी राहायला लागले. फरक दोनावर आला. दोनाला केसभर कमी. आणि तिथे जो रुतून बसला तो हलायचं नावच घेईना. एक आठवडा झाला, दोन झाले, पाच झाले. मी बिनदिक्कत जिना चढत होते, उतरत होते, गुडघा कुरकुरतसुद्धा नव्हता, पण टेप म्हणे दोन.

"मग करून टाक ना सही," मी म्हटलं. "चालतेय की मी."

तिनं फॉर्म माझ्यापुढे धरला. त्यावर छापलेलं होतं : 'दुखापत झालेला पाय निरोगी पायाइतका पूर्ववत भरला आहे काय?' पुढे दोनच चौकोन, होय आणि नाही.

"काकू, भरलेला नाही तर मी 'होय' कसं लिहू? मी खोटं लिहिणार नाही," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, हे मी पाहिलं, म्हणून ओरडले नाही. "पुढच्या शुक्रवारी शेवटचं मोजू. तोवर रोज..."

"अजून दहा. कळलं."

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी माझे सहा महिने संपत होते.

घरी मी यातलं अवाक्षर बोलले नव्हते. आमचे हे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, पायमशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे. स्वभावानं इतके गरीब की गिऱ्हाईक "थोडं सैल झालंय" म्हणालं की यांना रात्रभर झोप नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते जेवले नसते, म्हणून मी रोज "मस्त चाललंय" म्हणत होते. आणि ते बिचारे त्यावर विश्वास ठेवून माझ्यासाठी नवी खाकी पॅंट शिवत होते, सोमवारी घालायला.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "अगं, उद्या मिळतोय ना फॉर्म?"

झालं! पाच आठवडे दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी रडले, ओरडले, त्या टेपला, त्या फॉर्मला, खात्याला, पुसलेल्या फरशीला, सगळ्यांना नावं ठेवली. "दोन सेंटिमीटरसाठी! दोन सेंटिमीटरसाठी माझं बीट जाणार! डाव्या मांडीएवढी उजवी होत नाही म्हणे! कुठून आणू मी मांडी, बाजारात मिळते का?"

ते हळूच म्हणाले, "दोन सेंटिमीटर म्हणजे पाऊण इंच."

"हो, पाऊण इंच! तुमच्या भाषेत बोलल्यानं ते कमी होतंय का?"

यांचा चेहरा असा झाला की मी रडायची थांबले. चोरी पकडल्यासारखे ते उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून मापांची जुनी वही काढली आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "तू चिडणार नसशील तर एक सांगतो."

"चिडणार. सांगा."

"तुझी डावी मांडी पडायच्या आधीपासूनच जादा आहे. पाऊण इंच."

"काय?" मी म्हटलं.

"नोकरीला दोनतीन वर्षं झाली होती तेव्हा तू म्हणालीस, पॅंट डावीकडे काचते. आठवतं? मी म्हणालो, कापड आटलं असेल."

"आठवतं! मी त्या कापडवाल्याशी जाऊन भांडले होते!"

"हो." त्यांनी मान खाली घातली. "कापड नव्हतं आटलं. मी दोन्ही मांड्या वेगवेगळ्या मोजल्या, तर पाव इंचाचा फरक. तेव्हापासून तुझी डावी बाजू थोडी मोठी कापतो. शिवण अशी आत घेतो की बघणाऱ्याला कळत नाही. घालणाऱ्यालाही कळत नाही. फरक वाढत गेला, मीही वाढवत गेलो. तुला कशाला सांगायचं? तू म्हणाली असतीस, मला वाकडी म्हणता."

म्हटलंच असतं! वर महिनाभर अबोला धरला असता. एकोणीस वर्षं हा माणूस माझे दोन पाय दोन मापांचे कापत होता आणि मी आरशासमोर उभी राहून म्हणत होते, बघा, मला कसं सगळं मापात बसतं! मला हसू यायला लागलं. मग परत रडू आलं. मग दोन्ही एकदम यायला लागलं, तेव्हा ते घाबरून पाणी आणायला आत धावले.

दुसऱ्या दिवशी अजूनदहाच्या खोलीत आम्ही दोघं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण गळ्यातली टेप काढायला विसरले होते. काखेत वही.

तिनं आधी तोंड वाकडं केलं. "काका, शिंप्याच्या वहीवर फॉर्म कसा भरणार? माप तुम्ही कुठलं घेता, मी कुठलं घेते."

"मी इथलं घेतो," हे म्हणाले आणि दाखवलं. "पायरी चढताना पॅंट जिथे ताणते तिथलं. त्याच जागी, याच टेपनं, याच हातानं घेतलेलं माप आहे. ही पडायच्या महिनाभर आधीचं. आत्ता परत घेऊन दाखवू का?"

"घ्या," ती म्हणाली.

आमचे हे गुडघ्यावर बसले. चारचौघांत माझ्या पायाला हात लावायचा म्हणून कान लाल झाले होते, पण टेप हातात आली आणि माणूस बदलला. "हलू नकोस," मला म्हणाले, असे हुकमी की मी खरंच हलले नाही. "डावी, साडेएकवीस. उजवी, पावणेएकवीस." मग वही उघडून तिच्यापुढे धरली. बोट ठेवलं. डावी साडेएकवीस. उजवी पावणेएकवीस. जसंच्या तसं.

"आणि पोटऱ्या?" तिनं विचारलं. आवाज बदलला होता.

"पोटरी उलट आहे. तिथे उजवी जादा. पाव इंच."

ती खुर्चीवरून ताडकन उठली. "उजवी! मी तीन आठवडे लिहितेय उजवी पोटरी जास्त आहे, आणि मला वाटलं सूज आहे! मी रोज तिच्यावर बर्फ लावायला सांगत होते!"

"म्हणजे माझ्या चांगल्या पोटरीवर तू बर्फ लावत होतीस?" मी म्हटलं.

पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वही घेऊन ती मागची पानं उलटत होती. तिसरं वर्ष, पाव इंच. सातवं, अर्धा. बाराव्या वर्षी पाऊण, आणि मग तिथेच. ती मला म्हणाली, "काकू, चला जिन्यावर."

माझी पिशवी तिनं जाड पुस्तकांनी भरली आणि माझ्या उजव्या खांद्याला अडकवली. मी चार मजले चढले. ती माझ्या मागून, हे तिच्या मागून. वर पोचल्यावर ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "प्रत्येक पायरी डाव्या पायानं! एकही पायरी उजव्यानं नाही! उंच पायरी आली की डावा वर ठेवायचा, मांडीनं सगळं वजन उचलायचं. उजवा खालून पोटरीनं ढकलायचा आणि नुसता शेजारी येऊन उभा राहायचा. बावीस वर्षं! दोघांनी काम वाटून घेतलंय. आणि मी मूर्ख, उजव्याला सांगत बसलेय, डाव्यासारखा हो म्हणून. तो कधी तसा नव्हताच."

मला हे माहीतच नव्हतं. आपला पाय आहे, आपण चालतो, कोण बघतं कुठला आधी पडतो? मी माझ्या मांडीवर हात ठेवला. ही मांडी त्या पायऱ्यांनी घडवली होती, दर वर्षी थोडी थोडी, आणि ते आमच्या शिंप्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला दोघींचाही, डावीचा आणि उजवीचा, इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

अजूनदहानं फॉर्मवरच्या 'पूर्ववत' या शब्दाखाली रेघ ओढली आणि 'होय'वर बरोबरची खूण केली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'उजवा पाय अपघातापूर्वी होता तितकाच भरला आहे. पुरावा सोबत.' आणि वहीच्या पानाची प्रत जोडली. वर मला दम दिला, "आता यापुढे एक पायरी डाव्यानं, एक उजव्यानं. नाहीतर दहा वर्षांनी खुबा घेऊन याल माझ्याकडे." यांनाही बजावलं, "काका, तुम्ही लक्ष ठेवायचं."

सोमवारी सकाळी साहेबांनी फॉर्म वाचला. मग जोडलेलं पान वाचलं. पानाच्या कडेला आमच्या ह्यांनी कधीतरी पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं होतं, तेही त्यांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं : "'हिला सांगायचं नाही. चिडेल.'" सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं. माझ्या बदलीवर असलेला पोस्टमन, चाळिशीचा, सहा महिन्यांत आठ किलो उतरलेला, तो तर टाळ्याच वाजवायला लागला. त्यानं बीटची पिशवी माझ्या हातात अशी घाईनं दिली की जणू ती पेटली होती. साहेबांनी शिक्का मारला. म्हणाले, "बाई, सांभाळून." या वेळी मी म्हटलं, "हो साहेब. फरशी तेवढी कोरडी ठेवा."

पायऱ्यांपाशी आले तर आमचे हे तिथे उभे! दुकान बंद करून आले होते. बावीस वर्षांत हा माणूस माझ्या बीटवर कधी आला नव्हता. त्यांचा दिवस मशीनवर जातो, माझा इथे. सवडच कुठे असते? म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी लक्ष ठेवायला सांगितलंय."

"चला मग," मी म्हटलं आणि पत्रं घेऊन निघाले. दारं उघडायला लागली. "आलात का!" "अहो, किती दिवस!" "गुडघा कसा आहे?" एका आजोबांनी तर सहा महिन्यांच्या तक्रारी दाराशीच सुरू केल्या, बदलीवाला पत्रं खालच्या घरी ठेवून पळायचा म्हणून. कुत्रं भुंकलं, चावरंसुद्धा भुंकलंच नुसतं. मी पत्र देत, बोलत, हसत चढत होते. मध्येच मागे वळून पाहिलं, तर हे खाली, बरेच खाली, एका पायरीवर बसलेले. एक हात छातीवर, एक गुडघ्यावर. शर्ट घामानं भिजलेला.

मी धावत खाली आले. "काय होतंय?"

त्यांनी मान हलवली, काही नाही. ते वर बघत होते, राहिलेल्या पायऱ्यांकडे. मग खाली बघितलं, चढून आलो त्या पायऱ्यांकडे. डोळे भरले होते.

"अगं," ते म्हणाले, "हे एवढं, रोज?"

"रोज."

"पावसात?"

"पावसातही. पोर पोटात होतं तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत."

त्यांनी माझ्या डाव्या मांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला वाटायचं, टेपच ढिली झालीय की काय. मी दरवर्षी लिहायचो, पाव इंच, अर्धा इंच, आणि पुढचं कापड घ्यायचो. कशानं होतंय, हे एकदाही येऊन बघितलं नाही मी."

मला काय बोलावं कळेना, आणि हे माझ्या बाबतीत दुसऱ्यांदाच होत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. पायरी इतकी अरुंद की दोघांना मावायचं तर खांद्याला खांदा लावूनच बसावं लागतं. "तुम्ही मापात बसवत होतात ना मला," मी म्हटलं. "म्हणून तर चढले. एकदा तरी काचलं का कुठे?"

ते हसले. बाहीनं डोळे पुसले. दोन मिनिटं आम्ही तसेच बसलो, मग मी उठले, कारण वरची अकरा घरं राहिली होती आणि पत्रं थांबत नाहीत. "तुम्ही बसा इथेच. मी येते वाटून."

सवयीनं डावा पाय उचलला आणि खालून आवाज आला, "उजवा!"

मी उजवा ठेवला. "आता डावा!" मी डावा ठेवला. "उजवा!" इतका मोठा आवाज या माणसाला आहे हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. घराघरांतून माणसं बाहेर आली, आजोबा काठी टेकत आले, खिडक्या उघडल्या, आणि मग तेही ओरडायला लागले, "डावा! उजवा! डावा!" माझा चेहरा लाल झाला होता, हसून हसून पोटात दुखत होतं, पिशवी खांद्यावर नाचत होती. आणि मी, माझे दोन्ही पाय घेऊन, सगळ्यांचं ऐकत वर चढत होते.